साडीचा पन्हा आणि हादग्याचा फेर

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

‘मी एकेचाळीस वर्षांची असून एका तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवते. माझी उंची पाच फूट अकरा इंच आहे, पायाला नऊ नंबरची चप्पल लागते आणि आवाज इतका जाड आहे की फोनवर पलीकडचा माणूस मला हमखास ‘सर’ म्हणतो. मी लग्न केलेले नाही. रांगोळी, दागिने, सणवार यांत माझे मन कधी रमले नाही. लेथ मशीनवर मात्र तासन्‌तास रमते. गेल्या तीन वर्षांत मी या सगळ्याविषयी विनोदी लेख लिहिले आणि त्यांतले दोन दिवाळी अंकांत छापून आले. ते दोन्ही सोबत पाठवत आहे. दुसरा लेख वाचून आईने माझ्याशी आठ दिवस अबोला धरला आणि ‘घरातले चव्हाट्यावर मांडलेस’ एवढेच म्हणाली. वहिनी सगळे सण मनापासून करते. ती म्हणाली, ‘ताई, तुमच्या लेखात हसण्यासारखी मीच आहे.’ आता एका संपादकांनी पहिला लेख आपल्या विशेषांकात पुन्हा छापण्यासाठी मागितला आहे, पण ‘स्वतःला अजून थोडे बावळट दाखवा आणि शेवट गोड करा’ असे सुचवले आहे. मी हे लिहिणे सोडावे का? की माझे हसणेच चुकते आहे?’

— एक वाचक, सांगली जिल्हा

प्रिय भगिनी,

लिहिणे सोडू नका. हे पहिल्याच ओळीत सांगते, कारण पुढे मी तुमच्या एका लेखातले दोष दाखवणार आहे आणि ते वाचताना तुमचा असा समज व्हायला नको की मी तुम्हाला गप्प बसायला सांगते आहे. तुमच्या पत्रात तीन माणसांच्या तीन तक्रारी आहेत आणि तुम्ही त्या एकाच टोपलीत टाकल्या आहेत. त्यांतली वहिनींची तक्रार खरी आहे, आईंची तक्रार वरवर दिसते तिच्याहून वेगळी आहे, आणि संपादकांची सूचना तुम्ही मुळीच मान्य करू नये असे माझे मत आहे.

वहिनींपासून सुरुवात करू. तुमचे दोन्ही लेख मी दोनदा वाचले. साडी आणि चपलेवरचा लेख वाचताना मी एकटीच मोठ्याने हसले. साडीचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, बहुधा पंचेचाळीस इंचांच्या आसपास असतो आणि तो कोणाच्या तरी उंचीचा अंदाज बांधून ठरला आहे, ती उंची आपली नाही, त्यामुळे नेसलेली साडी घोट्याच्या वर थांबते, मग आई दुसऱ्या साडीची चार इंचांची पट्टी कापून ती खालून फॉलसारखी जोडते, हे तुम्ही एका यंत्र अभियंत्याच्या काटेकोरपणाने लिहिले आहे. चपलांच्या दुकानातला मुलगा आधी तुमच्या पायाकडे, मग तुमच्याकडे आणि मग दुकानाच्या ‘जेन्ट्स’ बाजूकडे बघतो, त्या तीन नजरा तुम्ही तीन वाक्यांत पकडल्या आहेत. या लेखात तुम्ही कुठेही स्वतःला हास्यास्पद म्हटलेले नाही आणि त्या मुलालाही मूर्ख ठरवलेले नाही. हसू येते ते त्या मापाचे, ज्याने बाई म्हणजे एवढीच असे आधीच ठरवून ठेवले आहे आणि प्रत्यक्षातली बाई समोर आली की ज्याची पंचाईत होते.

हळदीकुंकवाच्या लेखात मात्र तुमची जागा बदलली आहे. तिथे तुम्ही दाराशी उभ्या राहून आत बसलेल्या बायकांकडे बघता. वहिनींनी आठ दिवस आधी आणून ठेवलेले वाण, त्या डब्यांच्या रंगांवरून झालेली चर्चा, उखाणा घेताना एकीचे अडखळणे, दुसरीने पैठणीची किंमत सांगणे, हे सगळे हसण्यासाठी मांडले आहे, आणि त्या घोळक्यात शहाणी अशी एकटी तुम्हीच दिसता. पहिल्या लेखात ज्या मापाने तुम्हाला बाजूला काढले होते, तेच माप तुम्ही इथे उलटे धरले आहे. तेव्हा ‘तू पुरेशी बाई नाहीस’ असे ते सांगत होते; आता तुम्ही वहिनींना ‘तू फारच बाई आहेस’ असे सांगता. दोन्ही वाक्यांत बाईपण ही एक परीक्षाच राहते, फक्त नापास होणारी बदलते. वहिनींनी एका ओळीत तुमच्या लेखाची जी समीक्षा केली, ती मला कोणत्याही अभ्यासकाच्या समीक्षेइतकी मोलाची वाटते. त्यांची क्षमा मागायला संकोच करू नका.

याच लेखात एक ओळ आहे, तिच्यापाशी तुम्ही थांबला असता तर सगळा लेख वेगळा झाला असता. तुम्ही लिहिता की कुंकवाची कोयरी घेऊन वहिनी तुमच्यापाशी आल्या, क्षणभर थबकल्या, आणि मग आतल्या खोलीत काकूंना चहा द्यायचा राहिला म्हणून निघून गेल्या. त्या क्षणी वहिनींच्या मनात काय चालले असेल याचा विचार करा. समोरची बाई सवाष्ण नाही, आणि एकेचाळिसाव्या वर्षी तिला कुमारिका म्हणून हळदकुंकू लावावे तर तेही विचित्र वाटते, म्हणजे चालत आलेल्या रीतीकडे तुमच्यासाठी खणच नाही. आतल्या खोलीत बसलेल्या काकूंसाठी मात्र त्या रीतीने खण नेमून ठेवला आहे: त्या विधवा आहेत, म्हणून त्यांनी बाहेर यायचे नाही. एक दाराशी, एक आतल्या खोलीत, आणि मधल्या पाच पावलांत कोयरी घेऊन अडकलेली तुमची प्रेमळ वहिनी. या तिघींपैकी कोणीही हास्यास्पद नाही, तरीही हा प्रसंग हसू येण्यासारखा आहे आणि रडू येण्यासारखाही. तुमचा खरा लेख या पाच पावलांत आहे.

आता आईंविषयी. ‘चव्हाट्यावर मांडलेस’ या शब्दांवरून त्यांना विनोदाचे वावडे आहे असा निष्कर्ष तुम्ही काढला आहे. मला तो पटत नाही, कारण त्या तुमच्या जिल्ह्यात वाढल्या आहेत आणि लहानपणी हादगा खेळल्या असतील. आश्विनात पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरायचा आणि शेवटी खिरापत ओळखायची, हा खेळ पुण्याकडे भोंडला म्हणून ओळखला जातो आणि खानदेश-विदर्भात भुलाबाई म्हणून. त्याची गाणी आज आपण मुलींच्या करमणुकीची म्हणून ऐकतो, पण शब्दांकडे लक्ष द्या. एका गाण्यात सुनेला माहेरी जायचे आहे आणि सासू तिला आधी कारल्याचा वेल लावायला सांगते, मग त्याला फूल येऊ दे म्हणते, मग कारले येऊ दे म्हणते, आणि परवानगी पुढेपुढेच ढकलली जाते. एका गाण्यात नवरा इतका वेडा आहे की बायकोने केलेल्या करंज्या तो होड्या समजून पाण्यात सोडतो. अरडी-परडीच्या गाण्यात माहेरी आलेली मुलगी सासरहून आलेला एकेक दागिना नाकारते आणि न्यायला आलेल्या माणसावर झिपरे कुत्रे सोडा म्हणते. त्या गाण्याच्या शेवटी नवरा येतो आणि दारे उघडली जातात हे खरे आहे, पण साठ वर्षांनंतरही बायकांना आठवते ते झिपरे कुत्रे. मंगळागौरीच्या ‘नाच गं घुमा’तही एक बाई, नाचायला बोलावले असताना, या गावचा सोनार आला नाही आणि त्या गावचा कासार आला नाही अशी कारणे देत उभीच राहते.

आपल्या शाळेत शिकवतात की मराठी विनोदाची सुरुवात विसाव्या शतकाच्या आरंभी श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून झाली. छापील विनोदी लेखापुरते ते बरोबर असेल. पण सून, बायको, सवाष्ण या भूमिका अंगाला कुठे टोचतात हे हसत सांगण्याची रीत त्याआधीपासून अंगणात चालत आली होती, आणि ती चालवणाऱ्या बायका रूढीच्या मापात नीट बसणाऱ्या होत्या. हातात बांगड्या भरून, डोक्यात गजरे माळून त्या हे गात होत्या. म्हणून तुमचे लिहिणे आपल्या परंपरेत बसत नाही असे कोणी म्हटले तर ते मनावर घेऊ नका.

तरीही आईंच्या बोलण्यात तथ्य आहे, आणि ते असे. फेरात गाणारी बाई एकटी नसते. तिच्या दोन्ही बाजूंना दोन हात असतात, गाणे कोणी रचले हे कोणाला माहीत नसते, अंगणात बहुधा पुरुष नसतात, आणि वेड्या नवऱ्याचे गाणे ऐकून कोणी विचारत नाही की हा तुझाच नवरा का. तुम्ही मात्र लेखाखाली स्वतःचे नाव लिहिता. तुमच्या आईंना विनोद नवा नाही. त्यांना नवे आहे ते तुमचे एकटे उभे राहणे. जनाबाईंनी ‘डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी’ असे म्हटले तेव्हा त्यांच्यामागे विठ्ठल होता आणि वारकऱ्यांचा मेळा होता. तुमच्यामागे कोण आहे, हा आईंचा प्रश्न असावा. म्हणून पुढचा लेख छापायला देण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवा. परवानगीसाठी नव्हे, कारण एकेचाळीस वर्षांच्या लेखिकेला ती लागत नाही. दुरुस्तीसाठी वाचून दाखवा. आईंना तपशील तुमच्याहून अधिक ठाऊक असतात, आणि ‘असे नव्हते गं, त्या दिवशी असे झाले’ म्हणत त्या ज्या क्षणी तुमचे वाक्य दुरुस्त करतील, त्या क्षणी लेखात त्यांचाही हात लागलेला असेल. ज्या गोष्टी फक्त त्यांच्या आहेत, म्हणजे तुमच्या लग्नासाठी त्यांनी कोणाकोणापुढे शब्द टाकला आणि कोणी काय उत्तर दिले, त्या त्यांनी नको म्हटल्या तर काढून टाका. तुमच्या पायाचे माप तुमचे आहे, त्यावर लिहायला कोणाची हरकत चालणार नाही. आईंनी सोसलेला अपमान मात्र त्यांचा आहे.

संपादकांच्या सूचनेवर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण तीच चूक मी स्वतः केलेली आहे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाच्या कामात मी साहाय्यक होते. एका लेखिकेने स्वयंपाक कधीच न जमल्याविषयी फार सुंदर लेख पाठवला होता. तो जिथे संपत होता तिथे ती कचेरीतून दमून येते, डब्यातले चुरमुरे खाते, पुस्तक उघडते आणि झोपी जाते. मला तो शेवट कोरडा वाटला. मी तिला लिहिले की वाचकांना काहीतरी ओलावा हवा असतो, तेव्हा मुलीच्या हट्टापायी तुम्ही एकदा पुरणपोळी केलीत आणि ती जमली, असे काही लिहिता येईल का. तिने लिहून दिले. अंक निघाल्यावर वाचकांची जी पत्रे आली ती सगळी त्या पुरणपोळीचे कौतुक करणारी होती. पुढे कित्येक वर्षांनी ती एका कार्यक्रमात भेटली तेव्हा तिने शांतपणे सांगितले की त्या घरात तिने पुरणपोळी कधीच केली नव्हती, आणि तो लेख तिने परत कधी कोणाला दाखवला नाही. त्यानंतर तिने आमच्याकडे काहीही पाठवले नव्हते, आणि त्याचे कारण मला त्या दिवशी कळले. मी तिच्याकडून बाईपणाचा दाखला मागितला होता. लेखभर तिने जे प्रामाणिकपणे सांगितले, ते सगळे माझ्या त्या एका परिच्छेदाने ‘पण आत कुठेतरी ती आपल्यासारखीच आहे हं’ असे म्हणून पुसून टाकले. मला त्याची आजही लाज वाटते.

तुमच्याकडे मागितला आहे तोही असाच दाखला. ‘शेवट गोड करा’ याचा अर्थ भाचीला मांडीवर घेताच तुम्हाला पान्हा फुटल्यासारखे वाटले असे काहीतरी लिहा. भाचीवर तुमचे प्रेम असेल तर त्यावर अवश्य लिहा, वेगळा लेख लिहा, पण उंचीच्या आणि जाड आवाजाच्या भरपाईपोटी ते जोडू नका. आणि ‘अजून बावळट दाखवा’ हे तर त्याहून घातक आहे. बावळट बाई ही वाचकाच्या सोयीची असते, कारण ती मापात बसत नाही याचा दोष तिच्याच वेंधळेपणावर टाकता येतो आणि मापाकडे बघावे लागत नाही. तुम्ही बावळट नाही. लेथवर मायक्रोमीटर लावून मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप घेणारी बाई चपलेच्या दुकानात गोंधळली असे लिहिले तर ते खोटे होईल, आणि खोटा तपशील विनोदाला जितका मारक असतो तितके दुसरे काहीच नसते.

या बाबतीत दोन लेखिकांची आठवण देते, नुसती नावे मोठी आहेत म्हणून नव्हे, तर त्यांच्याकडून कारागिरी शिकता येते म्हणून. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिले ते संतापाने लिहिले; पण त्यातला उपहास जागोजागी इतका धारदार आहे की वाचणाऱ्याला हसू आवरत नाही. त्यांची रीत साधी होती. बायकांवर केले जाणारे एकेक आरोप त्यांनी घेतले आणि तोच काटा पुरुषांपुढे धरला. पुस्तकावर टीका झाली, जोतीराव फुल्यांनी ताराबाईंची बाजू घेतली, तरी त्यांचे दुसरे पुस्तक आले नाही आणि हेही पुढे विस्मरणात गेले; अभ्यासक स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा वाचकांपुढे आणले. तुम्हाला ही रीत वापरून बघता येईल. फोनवर तुम्हाला ‘सर’ म्हणणारा माणूस तुम्ही बाई आहात असे कळताच कोणता सूर बदलतो, कोणती माहिती सांगायची थांबतो, हे त्याचे शब्द न बदलता लिहून पाहा.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला. शाळेत न गेलेल्या या बाईंनी वडिलांचे टोकाचे सोवळे, नवऱ्याचा लहरी उदारपणा आणि स्वतःचे अज्ञान एकाच समतोल नजरेने पाहिले. त्यांच्या लिहिण्यात ‘मी किती वेडी’ असा शेरा शोधावा लागतो, कारण त्या शेरा मारतच नाहीत. काय घडले ते क्रमाने सांगतात आणि थांबतात. तुमच्या पहिल्या लेखात हा गुण आपोआप आला आहे. दुसऱ्या लेखात मात्र मी ‘बिचाऱ्या’, ‘हौशी’, ‘नटव्या’ अशी अकरा विशेषणे मोजली. ती सगळी काढून टाका आणि काय उरते ते बघा.

तुम्ही एक प्रश्न थेट विचारला नाही, पण तो पत्रात दोनदा डोकावतो. सतत हसत सांगितल्यामुळे लोकांना हे सगळे हसण्यावारी नेण्यासारखेच वाटते, असे तुम्ही लिहिले आहे. तंत्रनिकेतनात तुम्ही नव्या आलात तेव्हा कार्यशाळेचा ताबा तुम्हाला द्यायला तीन वर्षे लावली गेली, त्या काळात तुमच्याहून कनिष्ठ पुरुषाकडे किल्ल्या होत्या, ही हकीकत तुम्ही पत्राच्या समासात लिहिली आहे आणि लेखात मात्र आणलेली नाही. ती हसत सांगण्याची तुमच्यावर सक्ती नाही. तिच्यात तुम्हाला हसू सापडत नसेल तर ती रागाने लिहा, आणि जो वाचक तुमच्या साडीवर हसला त्याला तो रागही वाचू द्या. विनोदी लेखिका म्हणून नाव झाले की प्रत्येक दुखापत गंमत म्हणून सांगावी लागते असा तुमचा ग्रह झालेला दिसतो आणि मला त्याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते.

आता करायचे काय, ते सांगते. संपादकांना पहिला लेख आहे तसा पाठवा आणि सोबत दोन ओळींत कळवा की शेवट विचारपूर्वक ठेवला आहे, बदल करायचा नाही. ते नाही म्हणाले तर लेख परत घ्या. मराठीत अजूनही पुष्कळ दिवाळी अंक निघतात आणि असे लेख वाट पाहून घेणारे संपादक त्यांत आहेत. हळदीकुंकवाचा लेख नव्याने लिहा आणि तो आतल्या खोलीतून, काकूंच्या शेजारी बसून सुरू करा. झाल्यावर सगळ्यांत आधी वहिनींना द्या, आणि कोयरी घेऊन थबकल्या तेव्हा त्यांच्या मनात नेमके काय आले होते ते त्यांना विचारा. त्यांनी सांगितले तर ते त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या संमतीने घाला.

आणि आईंशी अबोला संपला असला तरी विषय तसाच राहिला असेल, तर तो लेखापासून सुरू करू नका. साडीला चार इंचांची पट्टी त्यांनी जोडली असे तुम्ही लिहिले आहे, पण ती पट्टी त्यांनी आपल्या कोणत्या साडीतून कापली हे तुमच्या लेखात कुठेच नाही. ते त्यांना विचारा.

तुमची स्नेहांकित,
सदरलेखिका